दोन घे, एक सोड

नऊ वर्षं मी शांताक्काच्या शेजारच्या टेबलावर काम केलं, पण तिनं माझं नाव एकदाही घेतलं नाही. तिच्या लेखी मी "वैराग" होते. "ए वैराग, चष्मा दे." "वैराग, तुझा मोबाईल कवाचा बोंबलायलाय, उचल की." माग दुरुस्त करणारा मिस्त्री "मोडनिंब", पॅकिंगची सुनंदा "माळशिरस". नवीन माणूस कामावर आला की ती आधी गाव विचारायची आणि तेच त्याला चिकटवून टाकायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "आक्का, मला आईबापानं चांगलं नाव ठेवलंय." तर म्हणाली, "आईबापाचं चुकू शकतंय बे. गाव चुकत न्हाई." बाईमाणसाला 'बे' म्हणू नये, एवढंही ती पाळत नसे.

तिला तिचं गाव विचारायची कुणाची छाती नव्हती. मी नवीन होते, म्हणून विचारलं. "मिल," ती म्हणाली. "आन् ते गाव बंद पडलंय." मी पुढं काही विचारलं नाही, कारण तिनं पेन्सिलीला टोक करायला घेतलं होतं आणि ती टोक करायला लागली की बोलणं संपलं असं समजायचं असतं, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

आमचा कारखाना एमआयडीसीतला, चादरी आणि टॉवेलांचा. चादरीवर मोर हवा, टॉवेलावर लॉजचं नाव हवं, लग्नात वाटायच्या नॅपकिनावर नवरानवरीचं नाव हवं, तर ते छापायचं नाही, विणायचं. त्यासाठी जॅकार्डचे माग. आक्का डिझाईन मास्तर होती. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून ती नक्षी काढायची आणि मी ती कंप्युटरवर चढवायची. बुटकी, काटक, कपाळाला मोठं कुंकू, घरात तेलुगू आणि कारखान्यात अस्सल सोलापुरी मराठी. खांद्यावर कायम एक जुना पांढरा टॉवेल. त्यावर एका लॉजचं नाव होतं, पण उलटं, आरशात दिसावं तसं. तरुणपणी तिच्या हातून नक्षीची पुठ्ठ्याची कार्डं पालथी लागली आणि दोनशे टॉवेल उलटे विणले गेले, त्यातला हा एक.

"लाज न्हाई वाटत?" मिस्त्री चिडवायचा.

"वाटती की. म्हणून तर खांद्यावर घेतलाय. पेटीत ठिवला असता तर इसरले असते," आक्का म्हणायची. त्यानंतर तिच्या हातून एकही नाव उलटं गेलं नाही, हे मिस्त्रीलाही कबूल होतं.

काम करताना ती पुटपुटायची. मला आधी वाटलं, जप करते. नीट ऐकलं तर, "दोन घे, एक सोड. चार घे, तीन सोड. एक घे, एक सोड." दिवसभर हेच. मग हळूहळू तिनंच सांगितलं, तेही एकदम नाही, चहाच्या वेळी तुकड्या-तुकड्यानं.

तिचे वडील, म्हणजे नायना, मिलमध्ये कार्ड मास्तर होते. तेव्हा कंप्युटर नव्हता. नक्षी पुठ्ठ्याच्या लांब कार्डांवर भोकं पाडून लिहायची. भोक असलं की धागा उचलला जायचा, नसलं की खाली राहायचा. एका चादरीला शेकड्यानं कार्डं लागायची, दोरीनं एकमेकांना बांधलेली. नायना भोकं पाडायचे आणि सात-आठ वर्षांची शांता शेजारी बसून कागदावरून मोठ्यानं वाचायची: दोन घे, एक सोड. घे म्हणजे भोक, सोड म्हणजे कोरं. पोरी शाळेत पाढे म्हणत होत्या तेव्हा ही नक्ष्या म्हणत होती. नायनांनी अडीचशेच्या वर नक्ष्या केल्या. सात कोयऱ्या, पानाचा विडा, सिद्धेश्वराच्या तळ्यातली कमळं. सगळ्या कार्डांच्या माळा मिलच्या मोठ्या खोलीत खुंट्यांना टांगलेल्या.

मग एका सकाळी मिलच्या गेटला कुलूप लागलं.

माल आत, मागही आत, नायनांच्या माळाही आत. ते दोन वर्षं रोज गेटवर जात राहिले. "मशीन नको, पगार नको, माझी कार्डं तेवढी द्या." उत्तर ठरलेलं असायचं: प्रकरण कोर्टात आहे, आतलं काहीही बाहेर येणार नाही. शेवटी आलं बाहेर, पण ट्रकमधून, वजनावर विकलेली रद्दी होऊन. नायनांना शेजाऱ्यानं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि अंगावर चादर ओढून झोपले. नंतर वर्षभर जगले, पण नक्षीबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

ते गेल्यावर कधीतरी आक्का एका दुकानात साडी बघायला गेली. घडीत ताठपणासाठी घातलेला पुठ्ठा भोकांचा होता. तिनं तो दिव्याकडे धरला, ओठ हलवले आणि दुकानातच खाली बसली. सात कोयऱ्यांची तिसरी ओळ. दुकानदार नुसता पुठ्ठा द्यायला तयार होईना, म्हणून तिनं साडी घेतली. साडी नणंदेला दिली, पुठ्ठा स्वतःकडे ठेवला.

"एक नक्कल, बे," हे सांगताना तिनं एक बोट वर केलं होतं. "एक नक्कल दुसऱ्या कुठल्या घरात असती, तर माझा नायना चादर ओढून झोपला नसता."

तिनं मग आठवणीतून नक्ष्या काढायला घेतल्या. डोक्यात नव्हत्या, तोंडात होत्या. डोळे मिटून म्हणायची आणि कागद रंगवायची. एकतीस नक्ष्या परत आल्या. बाकीच्या गेल्या त्या गेल्याच.

त्या एकतीस नक्ष्या आमच्या कारखान्यात मी कंप्युटरवर चढवल्या आणि तिथून रमेशशेठच्या केबिनमध्ये गेल्या. रमेशशेठ म्हणजे आमचे मालक. माणूस वाईट नव्हता. आक्काला त्याच्या वडिलांनी कामावर ठेवलेलं, म्हणून तिला तो "आक्का, तुम्ही" म्हणायचा. पण एकदा त्याचं खपाचं डिझाईन शेजारच्या कारखान्यात जसंच्या तसं विणलेलं दिसलं आणि तेव्हापासून त्याला सगळं जग चोर दिसू लागलं. त्यानं एक मोठा कंप्युटर घेतला, केबिनमध्ये टेबलाखाली ठेवला, सगळी डिझाईन त्यात भरली, आमच्याकडं एकही नक्कल राहू दिली नाही, पेन ड्राइव्हची भोकं रंगाऱ्याकडची लांबी लावून बुजवली आणि केबिनची किल्ली करगोट्याला बांधली. सकाळी तो आला की माग चालू, नाही आला की आम्ही शेंगा खात बसलेलो. एकदा मेव्हण्याच्या लग्नाला गुलबर्ग्याला गेला, तर दोन दिवस अख्खा कारखाना त्या करगोट्याची वाट बघत होता.

"शेट," आक्का त्याला तोंडावर म्हणाली, "ही मिलच झाली की. गेट तेवढं लहान हाय."

त्याला ते झोंबलं, पण तो हसण्यावारी न्यायचा.

अशात पुण्याहून एक तरुण विक्रेता आला. इस्त्रीचा शर्ट, हातात लॅपटॉप, तोंडात 'क्लाउड'. आम्हाला सगळ्यांना केबिनमध्ये बोलावून तो समजावू लागला. तुमची डिझाईन तुमच्या कंप्युटरवर न ठेवता इंटरनेटवरून दूर मोठ्या ठिकाणी राहतील. मोठा कंप्युटर विकत घ्यायला नको, वापराल तेवढं महिन्याचं भाडं. घरून बघा, प्रवासात बघा.

"म्हणजे माझं डिझाईन ढगात?" शेठ म्हणाला. "पाऊस पडला तर सगळ्या सोलापुरावर पडेल की!" सगळे खो खो हसले. विक्रेत्याचा चेहरा पडला.

आक्का हसली नाही. ती खांद्यावरचा टॉवेल सारखा करून पुढं सरकली. "गाव कुठलं तुजं?"

"पुणे."

"पुणे, मला सांग. तुमच्या ह्या मब्बूत," तेलुगूत ढगाला मब्बू म्हणतात आणि तिनं शेवटपर्यंत तोच शब्द वापरला, "तुमच्या मब्बूत नक्षी ठिवायची कशी? आकड्यात?"

"हो. शून्य आणि एक."

"घे आन् सोड," आक्का म्हणाली. "हे आमी आधीपासून करतो. म्होरं बोल."

मग तिनं एकेक विचारलं. ज्या जागी ठेवता ती जागा जळाली तर? दुसऱ्या दोन ठिकाणी नक्कल असते. किल्ली कितीजणांकडं? तुम्ही द्याल तितक्यांकडं. बघायची किल्ली वेगळी आणि बदलायची वेगळी करता येते का? येते. वैरागला सुट्टीला गावी गेल्यावर तिथून काम करता येईल का? येईल. तो प्रत्येक उत्तराला खुलत गेला आणि मग तिनं शेवटचा प्रश्न टाकला.

"तुमची कंपनी बंद पडली, आन् गेटला कुलूप लागलं, तर माझी नक्षी मला परत कशी मिळणार?"

तो गडबडला. असं त्याला कुणी विचारलं नसावं. फोन लावून, बाहेर जाऊन, परत येऊन त्यानं सांगितलं की कधीही सगळं उतरवून घेता येतं आणि दुसरीकडं नेता येतं, करारात तसं लिहून देतो. आक्कानं ते मला दोनदा वाचायला लावलं. मग शेठकडं वळून म्हणाली, "टाका."

"आक्का, नाही," शेठ म्हणाला. "माझ्या गेटच्या बाहेर माझं डिझाईन जाणार नाही."

"शेट, नुसतं घे, घे, घे केलं तर कार्डाला भोकंच भोकं पडत्यात. नक्षी होत न्हाई. सोडायबी लागतं."

 शेठ लाल झाला. पण विक्रेता चिवट होता, म्हणाला, एक महिना फुकट वापरून बघा. फुकट म्हटल्यावर शेठ जरा विरघळला. "ठीक आहे," तो म्हणाला, "टाकायचीच तर ती जुनी, कुणी घेत नाही अशी एकतीस टाका. चोरीला गेली तरी बिघडलं नाही."

मी आक्काकडं बघायचं टाळलं. तिच्या बापाच्या नक्ष्यांना त्यानं इतक्या जणांत भंगार ठरवलं होतं. तिनं पेन्सिल काढली आणि टोक करायला घेतलं. खातं उघडायला मोबाईल नंबर लागत होता. शेठनं स्वतःचा द्यायला नकार दिला, तेव्हा आक्कानं तिचा दिला. एकतीस नक्ष्या वर गेल्या. पासवर्ड काय ठेवायचा विचारलं, तर तिनं तेच सांगितलं, दोन घे एक सोड. मी म्हटलं, "आक्का, हे तुम्ही दिवसभर मोठ्यानं म्हणता!" ती म्हणाली, "पन कोन ऐकतंय?" मी गुपचूप शेवटी चार आकडे जोडले आणि ते तिला पाठ करायला लावले.

त्या संध्याकाळी बसची वाट बघताना तिनं मोबाईल उघडला आणि सात कोयऱ्या बघितल्या. दुसऱ्या दिवशी घरून बघितल्या. भाजीच्या मंडईत उभी राहून बघितल्या आणि मला फोन करून सांगितलं की मंडईतबी दिसायलेत. मी तिला इतकं खूश कधी बघितलं नव्हतं.

महिना संपत आला. दसरा तोंडावर होता. शेठनं आक्काला बोलावून सांगितलं, "ते फुकटचं खातं बंद करून टाका. तुमच्या मोबाईलवर नंबर येईल, तो सांगा."

"न्हाई."

"काय?"

"नंबर सांगनार न्हाई. खातं बंद हुनार न्हाई. भाडं माज्या पगारातनं कापा."

"प्रश्न भाड्याचा नाही, आक्का. डिझाईन कारखान्याची आहेत."

"कारखान्याची हाएत, इणा की. मी कुटं न्हाई म्हणते? पन ती एका जाग्याला कोंडू देनार न्हाई. एकदा कोंडली, एकदा मेली. दुसऱ्यांदा मरू देनार न्हाई."

मी दारात उभी होते. शेठचा आवाज चढला. "मग कामावरून काढावं लागेल तुम्हाला."

आक्कानं खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, परत टाकला. "काढा. फकस्त येवढं सांगा, डोकं हितं ठिवून जाऊ का घरी घिऊन जाऊ?"

"सणानंतर बघू," असं म्हणून शेठनं मान फिरवली. आक्का टेबलाशी आली. पेन्सिलीला टोक करायला घेतलं, ते दोनदा मोडलं. बाहेरून वाघीण दिसणाऱ्या ह्या बाईच्या घरात तेव्हा ती एकटी कमावती होती, हे आम्हाला ठाऊक होतं. मी म्हटलं, "आक्का, सांगून टाका नंबर. उद्या दुसरं काही काढू." तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी तो सल्ला पुन्हा कुणाला दिला नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखाना बंद असतो आणि यंत्रांची पूजा असते. माग धुऊनपुसून लख्ख, झेंडूच्या माळा, कात्री-पान्ह्यांनासुद्धा हळदकुंकू. शेठ हौशी माणूस. प्रत्येक मागापुढं नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी मागावर शिंपडायचा. लोखंडाच्या मागाला त्यानं काय होतंय? शेवटी तो केबिनमध्ये आला. सगळ्यांची पूजा झाली आणि सगळ्यांचा राजा राहिला, म्हणून त्यानं मोठ्या कंप्युटरला माळ घातली. माग बंद होते, पण हा मुद्दाम चालू ठेवलेला. लक्ष्मीचा दिवा विझवू नये म्हणाला. नारळ चांगला पाणीदार निघाला. शेठनं ओंजळ भरून डोळे मिटले आणि भक्तिभावानं वरून अभिषेक केला.

फट् आवाज आला. मग वास आला. झेंडू, उदबत्ती आणि जळकी वायर.

"बॅकअप आहे, बॅकअप आहे," शेठ म्हणत होता.

"कुटं हाय?" आक्कानं विचारलं.

"दुसरी डिस्क आहे ना. ह्याच्यातच बसवलीय."

मोडनिंब मिस्त्री सरळ बाहेर गेला. हसायला गेला की रडायला, ते मला ठरवता आलं नाही. दुरुस्तीवाल्यानं खोकं उघडलं, नारळाच्या पाण्याचा चिकटा दाखवला आणि मान हलवली. डिस्का पुण्याला पाठवल्या, तिथूनही त्या जशा गेल्या तशा परत आल्या. मागांना रोज सकाळी ह्याच खोक्यातून डिझाईन जायची. शेकडो डिझाईन, शेठच्या आयुष्याची कमाई. राहिली ती फक्त एकतीस, कुणी घेत नसलेली.

दिवाळीचा माल द्यायचा होता. शेठ आमच्या टेबलापाशी आला आणि माझी खुर्ची ओढून बसला. डोळे सुजलेले. मालकाला असं बसलेलं बघून मला वाईट वाटलं आणि आतून जरा बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू?

"आक्का, ती तुमची..."

"नायनाची."

"नायनांची डिझाईन. मागावर घ्यावीत म्हणतो."

तिनं ऐकवायला हवं होतं. मी तर वाटच बघत होते. पण आक्कानं त्याला पाणी दिलं, मग म्हणाली, "एक मागते. सगळं म्होरं मब्बूत जाईल. बदलायची किल्ली तुमच्याकडं, वैरागकडं. बघायची किल्ली माज्याकडं. मी काम सोडलं तरी, मरेपर्यंत. इकनार न्हाई, कुणाला देनार न्हाई. फकस्त बघनार."

"बस, एवढंच?"

"शेट, माजा नायना दोन वर्सं गेटावर येवढंच मागत हुता."

शेठनं मान खाली घालून हो म्हटलं. त्या दिवाळीला सात कोयऱ्या मागावर चढल्या. पहिली हातभर चादर विणून खाली आली तेव्हा आक्का मागापाशी उभी होती. तिनं कापडाला हात लावला नाही. ओठ मात्र हलत होते. गिऱ्हाइकांनी शेठला विचारलं, हे नवीन डिझाईन कुणाचं, असलं बाजारात कुठं नाही. शेठ जरा घुटमळला आणि खरं सांगितलं. त्या चादरी गेल्या, पुन्हा मागवल्या गेल्या आणि सणानंतर बघू म्हटलेली गोष्ट कुणी पुन्हा काढली नाही.

नंतर आमच्या कारखान्याची चाल बदलली. शेठ गावाला गेला तरी माग सकाळी चालू होऊ लागले. गिऱ्हाईक घरी बसून मोबाईलवर चादर बघायचं आणि मोर डावीकडं फिरवा म्हणायचं. सुनंदा बाळंतपणाला माळशिरसला गेली, तर बाळाला मांडीवर घेऊन तिथून टॉवेलावरची नावं तपासायची. एकदा तिनं घाईनं फोन केला, "आक्का, दवाखान्याचं नाव उलटं हाय!" माग चालू व्हायच्या आत ते सुधारलं. आक्का खांद्यावरच्या टॉवेलाकडं बघून म्हणाली, "तवा मब्बू असता तर तू जन्मला नसतास." शेजारच्या गल्लीतले चार-चार मागांचे छोटे कारखानदार शेठला नावं ठेवायचे, तेच पुढं आक्काकडं शिकायला येऊ लागले. मोठा कंप्युटर घ्यायची ऐपत त्यांना कधीच नव्हती, पण भाड्याची जागा परवडत होती. पासवर्ड मोठ्यानं म्हणायचा नाही, हे ती त्यांना बजावून सांगायची. तीच.

डोळ्यांत मोतीबिंदू वाढला तेव्हा तिनं काम सोडलं आणि मुलीकडं सुरतेला गेली. कुणी कधी काय उघडलं, ते आमच्या खात्यात दिसतं. रोज सकाळी साडेसहाला सुरतेहून सात कोयऱ्या उघडल्या जायच्या. मी कामाला आले की आधी ते बघायची. मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी ती नोंद दिसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला.

शेठला खरंच वाईट वाटलं. कारखाना अर्धा दिवस बंद ठेवला. आठवड्यानं मला म्हणाला, "ती बघायची किल्ली आता काढून टाक. वापरणारं कुणी नाही."

"न्हाई, शेट," मी म्हटलं.

 तो म्हणाला, "राहू दे," आणि केबिनमध्ये गेला. आज वर्ष होत आलं. किल्ली अजून तिच्या नावावर आहे.

आक्का सुरतेला गेली त्या दिवशी मीच तिला स्कूटरवरून स्टेशनला सोडलं. वाटेत म्हणाली, "वैराग, मिलवरनं घे." गाडीला वेळ होता. मिलच्या गेटवर गंज चढलेलं तेच कुलूप, आत बाभळी, मागं थंड पडलेलं धुराडं. आक्का उतरली आणि गेटपाशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं, रडेल. तिनं पदर खोचला, मोबाईल काढला, चष्मा वर-खाली करत सात कोयऱ्या उघडल्या आणि मोबाईल दोन्ही हातांनी कुलपासमोर उंच धरला.

चौकीतून पहारेकरी धावत आला. "ओ आज्जी, हितं फोटो काढायला मनाई हाय!"

आक्कानं मान वळवली नाही. "गाव कुठलं तुजं?"

"अक्कलकोट."

"ए अक्कलकोट," ती म्हणाली, "फोटो काढायले न्हाई बे. दाखवायलेय."